शून्य गुन्ह्यांचं विद्यापीठ

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या आवारातून गोल्फ कार्ट, म्हणजे बॅटरीवर चालणारी ती छोटी उघडी गाडी, चोरीला गेली तर त्या चोरीची नोंद थेट केंद्रीय शिक्षण खात्यापर्यंत पोहोचते. सायकल चोरीला गेली तर पोहोचत नाही. मोटार बसवलेली व्हीलचेअर कुणी पळवली तर ती वाहनचोरी. ग्रंथालयाच्या टेबलावरून लॅपटॉप उचलला तर वार्षिक आकडेवारीत त्याला जागा नाही, पण तोच लॅपटॉप वसतिगृहाच्या खोलीत शिरून नेला तर एक घरफोडी जमा. आणि सायकलवाला अमुक धर्माचा किंवा वंशाचा आहे म्हणून, निव्वळ द्वेषापोटी त्याची सायकल लांबवली असेल, तर इतका वेळ हिशेबाबाहेर असलेली ती सायकलही मोजणीत येऊन बसते.

हे नियम कुणा विक्षिप्त कारकुनाच्या डोक्यातून निघालेले नाहीत. शिक्षण खात्यानं २०१६ मध्ये काढलेल्या अडीचशेहून जास्त पानांच्या मार्गदर्शिकेत असा कीस पानोपानी काढलेला आहे. ती मार्गदर्शिका २०२० मध्ये मागे घेतली गेली, पण मोजणीच्या मूळ व्याख्या नियमावलीतच असल्यामुळे त्या टिकून आहेत. या सगळ्या खटाटोपामागची कल्पना थक्क करणारी आहे: प्रत्येक विद्यापीठानं आपल्या आवारातल्या गुन्ह्यांचं खातं स्वतःच्या हातानं लिहायचं, दरवर्षी १ ऑक्टोबरच्या आत ते जगासमोर ठेवायचं आणि खोटं लिहिलं तर दंड भरायचा. विद्यार्थी मिळवण्यासाठी जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतणाऱ्या संस्थांना आपली झाकली मूठ अशी उघडायला कुणी लावली?

एका मुलीच्या आईवडिलांनी.

जीन क्लेरी १९ वर्षांची होती. तिचे भाऊ न्यू ऑर्लिन्सच्या तुलेन विद्यापीठात शिकलेले. तिकडे एका विद्यार्थिनीचा खून झाल्याचं कळल्यावर घरच्यांनी तिच्यासाठी पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम गावचं लीहाय विद्यापीठ पसंत केलं. टेकडीच्या उतारावरचं हिरवंगार, शांत आवार. ५ एप्रिल १९८६ च्या पहाटे तिथल्या स्टॉटन हॉल या वसतिगृहात, तिच्याच खोलीत तिच्यावर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. मारेकरी त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. वसतिगृहाची दारं आपोआप कुलूपबंद होणारी होती, पण येण्याजाण्याच्या सोयीसाठी मुलांनी पिझ्झ्याची रिकामी खोकी अडकवून ती उघडी ठेवली होती. असं रोजच चालायचं.

खटल्याच्या निमित्तानं हॉवर्ड आणि कॉनी क्लेरी खोदत गेले, तेव्हा त्यांना कळलं की आधीच्या तीन वर्षांत त्या आवारात ३८ हिंसक गुन्हे घडले होते. प्रवेश घेताना याचा कुणी अवाक्षरानंही उल्लेख केला नव्हता. विद्यापीठानं कोणता नियम मोडला होता? कोणताच नाही, कारण सांगायलाच हवं असा नियमच अस्तित्वात नव्हता. विद्यापीठाशी तडजोड झाल्यावर मिळालेल्या पैशातून क्लेरी दांपत्यानं १९८७ मध्ये ‘सिक्युरिटी ऑन कॅम्पस’ ही संस्था उभी केली आणि आमदार-खासदारांचे उंबरठे झिजवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनियानं कायदा केला. ८ नोव्हेंबर १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांच्या सहीनं तसाच केंद्रीय कायदा झाला. १९९८ पासून त्याला जीनचं नाव आहे.

१९९० च्या कायद्याच्या सुरुवातीला अमेरिकी काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, आपली निरीक्षणं नोंदवली आहेत. केंद्राच्या विद्यार्थी-मदत योजनेत असलेल्या सुमारे ८,००० संस्थांपैकी केवळ ३५२ संस्था आपले गुन्ह्यांचे आकडे आपणहून एफबीआयला कळवत होत्या. दुसरं निरीक्षण पालकांच्या पोटात गोळा आणणारं आहे. आवारातले जवळजवळ ८० टक्के गुन्हे एका विद्यार्थ्यानं दुसऱ्या विद्यार्थ्याविरुद्ध केलेले असतात. भिंत कितीही उंच बांधली तरी धोका बहुतेक वेळा भिंतीच्या आतच, ओळखपत्र गळ्यात घालून वावरत असतो.

आता प्रश्न मोजायचा. ऐकायला सोपा वाटतो, पण करायला गेलं की तीन उपप्रश्न फणा काढतात: कुठलं मोजायचं, कुणाला कळलेलं मोजायचं आणि कोणत्या वर्षात मोजायचं?

कुठलं, याचं उत्तर नकाशावर आखून द्यावं लागतं. विद्यापीठाच्या मालकीचं किंवा ताब्यातलं आवार आलंच. त्यातली वसतिगृहं वेगळ्या रकान्यात दाखवायची. आवाराला लागून असलेली सार्वजनिक जागाही आली, पण कुठवर? याचं उत्तर फारच सुरेख आहे. आवाराला लागून असलेला पदपथ, मग रस्ता, मग समोरचा पदपथ, तिथे हद्द संपली. समोरच्या पदपथावर उभ्या मुलीची पर्स कुणी धाक दाखवून हिसकावली तर ती जबरी चोरी विद्यापीठाच्या हिशेबात येते. ती दोन पावलं मागे सरकून दुकानाच्या दारात उभी असती, तर आली नसती. गुन्हा तोच, माणसं तीच, अंतर हातभर. कुठेतरी रेघ ओढायलाच हवी होती, ती तिथे ओढली.

हीच रेघ साता समुद्रापार जाऊ शकते. समजा, एखाद्या अमेरिकी विद्यापीठानं आपल्या मुलांच्या भारतातल्या सत्रासाठी पुण्यात वर्ग भाड्यानं घेतले आणि करारानुसार त्या जागेचा ताबा विद्यापीठाकडे आला, तर तिथे घडलेला गुन्हाही त्याच वार्षिक तक्त्यात ‘आवाराबाहेरची मालमत्ता’ या रकान्यात जातो. आकडे मिळवण्यासाठी पोलिसांकडे प्रामाणिक प्रयत्न करणं विद्यापीठावर बंधनकारक असल्यामुळे, असं एखादं पत्र आपल्याकडच्या पोलीस ठाण्याच्या आवक-जावक वहीत चढलेलं दिसलं तर नवल वाटायला नको.

कुणाला कळलेलं, याचं उत्तर आणखी रंजक आहे. फक्त पोलिसांत गेलेली तक्रार मोजायची ठरवली तर निम्मं जग मोजणीबाहेर राहील. म्हणून कायद्यानं ‘आवार सुरक्षा अधिकारी’ असा एक मोठा गट तयार केला. त्यात विद्यापीठाचे पोलीस आणि रखवालदार आहेतच, पण विद्यार्थी कल्याणाचे अधिष्ठाता आहेत, फुटबॉलचा प्रशिक्षक आहे, नाट्यमंडळाची मार्गदर्शक शिक्षिका आहे. वसतिगृहातल्या एका मजल्याची देखभाल अंगावर घेतलेला विशीतला विद्यार्थीही त्यात आहे. मध्यरात्री जिन्यात बसून एखादी मुलगी त्याला काही सांगते, तेव्हा तो तिचा मित्र असला तरी कायद्याच्या दृष्टीनं अधिकारी असतो. ऐकलेलं पुढे कळवणं त्याचं काम. नाव द्यायची गरज नाही, काय, कुठे आणि कधी एवढं पुरे. घटना खरी की खोटी हे त्यानं ठरवायचं नाही, सांगणाऱ्यानं मनापासून सांगितलं की ती मोजली जाते. पुढे न्यायालयात आरोपी सुटला तरी आकडा खोडता येत नाही. पूर्ण तपासाअंती तक्रार निराधार निघाली असं पोलिसांनीच ठरवलं तरच तो वगळता येतो, आणि असे किती वगळले तेही वेगळं छापावं लागतं.

या जाळ्यातून दोघांना मुद्दाम मोकळं ठेवलं आहे, व्यावसायिक समुपदेशक आणि धर्मोपदेशक. ज्याच्यापाशी बोललं की आपला आकडा होणार नाही, अशी एक तरी जागा माणसाला हवी, एवढं शहाणपण त्यात आहे.

तिसरा प्रश्न वर्षाचा. गुन्हा घडला त्या वर्षात नव्हे, तर कळला त्या वर्षात मोजायचा. यातून चमत्कारिक तक्ते तयार होतात. ओहायो स्टेट विद्यापीठात रिचर्ड स्ट्रॉस नावाचा डॉक्टर जवळजवळ वीस वर्षं खेळाडूंना तपासत होता. तो १९९८ मध्ये निवृत्त झाला आणि २००५ मध्ये वारला. त्यानं केलेल्या लैंगिक अत्याचारांना वाचा फुटली ती २०१८ मध्ये. परिणामी, मरून तेरा वर्षं झालेल्या माणसाचे शेकडो गुन्हे विद्यापीठाच्या अगदी ताज्या आकडेवारीत उमटले. तो तक्ता नुसता चाळणाऱ्याला वाटावं, त्या वर्षी ओहायोत आकाश फाटलं. प्रत्यक्षात फाटलं होतं ते चाळीस वर्षांचं मौन.

त्यात आणखी एक गाळणी आहे. एकाच प्रसंगात अनेक गुन्हे घडले तर बहुतेक वेळा त्यातला सर्वांत गंभीर तेवढा मोजायचा. चोरानं चाकू मारून फोन हिसकावला तर तक्त्यात एक जबरी चोरी दिसते, चाकूचा वार दिसत नाही. जाळपोळीसारखे काही अपवाद आहेत. खुनासोबत बलात्कार झाला असेल तर दोन्ही मोजले जातात. जीनवरचा बलात्कार आणि तिचा खून, यातलं काहीही या गाळणीत अडकून राहत नाही.

वार्षिक अहवाल मागचं सांगतो. पण आजचं काय? त्यासाठी दोन व्यवस्था आहेत. पहिली म्हणजे रोजची गुन्हे नोंदवही, १९९८ च्या दुरुस्तीतून आलेली. ज्या संस्थेकडे स्वतःचे पोलीस किंवा सुरक्षा विभाग आहे तिला ती ठेवावीच लागते. रकाने मोजके: काय घडलं, कधी कळलं, कधी घडलं, साधारण कुठे, पुढे काय झालं. नोंद कामकाजाच्या दोन दिवसांत व्हायला हवी. मागच्या ६० दिवसांची वही कुणीही, अगदी रस्त्यानं जाणाऱ्यानंही, कचेरीच्या वेळात मागून पाहावी. वार्षिक तक्त्यानं नाकारलेली सायकल इथे सन्मानानं हजर असते. या वहीत ‘कधी कळलं’ आणि ‘कधी घडलं’ या दोन तारखांमधलं अंतर पाहत गेलं तर खूप काही उमगतं. फोडलेल्या गाडीच्या काचेची खबर तासाभरात येते, लैंगिक अत्याचाराची कधी कधी कित्येक महिन्यांनी.

ही वही सहजासहजी उघडली गेली नाही. पोलिसांची टिपणं म्हणजे विद्यार्थ्यांची खासगी शैक्षणिक कागदपत्रं, ती दाखवता येत नाहीत, अशी ढाल बरीच विद्यापीठं पुढे करत. मिसुरीतल्या एका विद्यार्थी वृत्तपत्राच्या संपादिकेनं त्याविरुद्ध केंद्रीय न्यायालयात दाद मागितली आणि १९९१ मध्ये खटला जिंकला. गुणपत्रिका वेगळी आणि पोलिसांची टिपणं वेगळी, हे तिथे पक्कं झालं.

दुसरी व्यवस्था इशाऱ्याची. गुन्ह्याचा धोका अजून टळला नसेल तर सगळ्यांना वेळेवर सावध करायचं, हे कायद्यात पहिल्यापासून होतं. पण ‘वेळेवर’ म्हणजे किती? १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात सकाळी सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. आवाराला उद्देशून पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर पाव तासाच्या आत त्याच मारेकऱ्यानं नॉरिस हॉलमध्ये गोळीबार सुरू केला आणि तिथे ३० जण मारले गेले. दिवसभरातल्या एकूण ३२ बळींमध्ये मुंबईहून वास्तुकला शिकायला गेलेली एक तरुणी होती आणि मूळचे तामिळनाडूचे एक प्राध्यापकही होते. या दोन तासांवरून पुढे कित्येक वर्षं वाद चालला आणि विद्यापीठाला दंड झाला. २००८ मध्ये कायद्यात आणीबाणीच्या सूचनेचं वेगळं कलम आलं: धोका खरा असल्याची खात्री पटताच विनाविलंब कळवा, आणि ही यंत्रणा चालते का ते वर्षातून एकदा तरी तपासून पाहा. गोळीबारच नव्हे, तर वायुगळती, चक्रीवादळ, साथीचा आजार, सगळं त्यात आलं. अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांचे फोन अधूनमधून ‘ही चाचणी आहे’ असं सांगत एकसाथ वाजतात, त्याचं मूळ या कलमात आहे.

आता या सगळ्या यंत्रणेतलं मोठं कोडं. इतके नियम, इतके कान, इतके रकाने करून हाती काय येतं? २०१५ च्या आकडेवारीची छाननी अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी विमेन या संघटनेनं केली, तेव्हा सुमारे ११,००० आवारांपैकी ८९ टक्के आवारांनी वर्षभरात एकही बलात्कार नोंदवलेला नव्हता. त्याच वर्षी २७ नामांकित विद्यापीठांतल्या दीड लाख विद्यार्थ्यांचं निनावी सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यात पदवीच्या वर्गातल्या २३ टक्के मुलींनी सांगितलं की प्रवेश घेतल्यापासून त्यांना संमतीविना लैंगिक स्पर्श किंवा त्याहून गंभीर काही सोसावं लागलं होतं. दोन्ही मोजण्या तंतोतंत एकच गोष्ट मोजत नाहीत आणि त्या ११,००० आवारांत वसतिगृह नसलेली लहानसहान केंद्रंही असतात. तरीही दरी इतकी रुंद आहे की एवढ्यानं ती बुजत नाही.

त्याहून बोलका आकडा कॅन्सस विद्यापीठाच्या कायदा विभागातल्या कोरी युंग यांच्या २०१५ च्या अभ्यासात सापडतो. शिक्षण खात्याचे अधिकारी तपासणीला आलेली ३१ मोठी विद्यापीठं त्यांनी निवडली आणि तपासणीच्या आधी, चालू असताना आणि नंतर लैंगिक गुन्ह्यांच्या नोंदी किती होत्या ते मांडलं. तपासणी चालू असताना नोंदी सुमारे ४४ टक्क्यांनी वाढत होत्या. अधिकारी परतले की आकडा पुन्हा पहिल्या जागी. त्या काळात गुन्हेगारांना जोर चढत होता असं तर कुणी म्हणणार नाही. कागदावर किती उतरतं ते लिहिणाऱ्याकडे कोण पाहतंय यावर ठरतं, एवढं त्यातून दिसतं.

म्हणजे या तक्त्यात दोन गोष्टींचा गुणाकार असतो: किती घडलं आणि त्यातलं किती सांगावंसं वाटलं. आडगावात पहिला दवाखाना उघडला की रुग्णांची नोंद वाढते, म्हणून गाव आजारी पडलं असं आपण म्हणत नाही. एखाद्या विद्यापीठानं रात्री-अपरात्री तक्रार घेणारी माणसं नेमली, त्यांना शिकवून तयार केलं, तक्रारदाराची टर उडवणाऱ्यांना वठणीवर आणलं, तर त्याचा आकडा पहिल्याप्रथम फुगतो. शेजारचं विद्यापीठ हात झटकून बसलं असेल तर त्याच्या रकान्यात शून्य शोभून दिसतं. प्रामाणिकपणाची किंमत बदनामी आणि ढिलाईचं बक्षीस नावलौकिक, अशी ही उलटी गंगा आहे. कायदा करणाऱ्यांना वाटलं होतं की आकडे समोर आले की आईबाप तुलना करतील आणि विद्यापीठं सुधारतील. तुलना करणाऱ्याला आकडा कसा वाचायचा हे माहीत नसेल तर मात्र सुधारणारंच विद्यापीठ मार खातं.

यावर सरकारचा उतारा म्हणजे तपासणी आणि दंड. पेन स्टेट विद्यापीठाला २०१६ मध्ये जवळजवळ २४ लाख डॉलर, मिशिगन स्टेटला २०१९ मध्ये ४५ लाख. मार्च २०२४ मध्ये व्हर्जिनियातल्या लिबर्टी विद्यापीठाला १ कोटी ४० लाख डॉलर भरावे लागले, या कायद्याखालचा तो विक्रम. कायदाही वाढत गेला. २०१३ मध्ये पाठलाग आणि जोडीदाराकडून होणारी हिंसा मोजणीत आली. डिसेंबर २०२४ मध्ये रॅगिंग आलं आणि कायद्याचं नाव ‘जीन क्लेरी कॅम्पस सेफ्टी ॲक्ट’ असं सुटसुटीत झालं. रॅगिंगच्या बाबतीत महाराष्ट्रानं स्वतंत्र कायदा १९९९ मध्येच केला होता. भारताच्या २०१३ च्या कायद्यानुसार आपल्या शिक्षणसंस्थांतल्या अंतर्गत समित्यांना लैंगिक छळाच्या तक्रारींचा वार्षिक अहवालही द्यावा लागतो. पण आवारातल्या सगळ्या गुन्ह्यांचा एकत्र ताळेबंद मांडून तो प्रवेशेच्छूंच्या हाती ठेवण्याची सक्ती आपल्याकडे नाही.

ज्यांची मुलं अमेरिकेला निघाली आहेत त्यांना हा ताळेबंद घरबसल्या पाहता येतो. शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव टाकलं की तीन वर्षांचे आकडे समोर येतात. ते पाहताना एक मोठी मेख ध्यानात ठेवावी. मास्टर्सला जाणारी आपली बहुतेक मुलं आवारात राहतच नाहीत. चौघं-पाच जण मिळून बाहेर अपार्टमेंट घेतात, बसनं किंवा पायी येतात-जातात. तो फ्लॅट, तो बसथांबा, तो रात्रीचा रस्ता समोरच्या पदपथाच्या पलीकडे असतो आणि म्हणून या तक्त्यात त्याचा मागमूस नसतो. त्या भागाची माहिती शहराच्या पोलिसांकडे शोधावी लागते.

आणि आवाराचा तक्ता वाचताना मोठा आकडा दिसला म्हणून लगेच दचकू नये. त्याच अहवालाच्या पुढल्या-मागल्या पानांवर तक्रार कुठे करायची, नाव गुप्त कसं राहील, मदत कोण करेल हे छापलेलं असतं, ते सविस्तर आणि नेमकं आहे का ते पाहावं. हजारो मुलं वसतिगृहात राहत असताना रकाने शून्यांनी भरलेले दिसले तर मात्र सरळ त्या विद्यापीठाला विचारावं: आमच्या मुलीवर रात्री दोन वाजता काही प्रसंग ओढवला, तर तिनं कुणाचं दार ठोठावायचं आणि तुमच्याकडे त्याची नोंद कोण करतं? ज्यांच्याकडे खरोखर शून्य आहे त्यांना या प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ असतं.